अपडेटचाही गठ्ठा एकच यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात सायबर सुरक्षेवर अधूनमधून एक चौकट येते. तिचा शेवट ठरलेला असतो : ‘अँटिव्हायरस नेहमी अपडेट ठेवा.’ सल्ला चुकीचा नाही. पण तो पाळण्याच्या नादात मी स्वतः काही वर्षं काय करत होते, ते सांगितल्याशिवाय आता राहवत नाही. पत्र लांबणार आहे. कापावं लागलं तर वरचं-खालचं कापा, मधला एसटीचा भाग तेवढा ठेवा.

मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळा सहाय्यक आहे. ४० मशीनं, एक सर्व्हर, बंद पडलेला एक एसी आणि जून ते सप्टेंबर भिंतींना ओल, असा माझा संसार. नोकरीला लागले तेव्हा पोरांच्या पेन ड्राइव्हमधून ‘न्यू फोल्डर’ नावाची फाइल यायची. दिसायला फोल्डर, पुढे ‘डॉट ईएक्सई’. उघडली की टास्क मॅनेजर गायब. त्या काळी अपडेट म्हणजे रत्नागिरीहून सीडीवर आणलेली फाइल. अँटिव्हायरस पुण्याच्या क्विक हीलचा. कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून उभी राहिलेली कंपनी, याचं आम्हाला उगाच कौतुक. सीडी महिन्यातून एकदा यायची आणि तेवढ्यावर भागायचं, कारण व्हायरसही पेन ड्राइव्हनेच यायचा. दोघांची चाल एकच होती.

अपडेटमध्ये येतं काय, हे बऱ्याच प्राध्यापकांनाही ठाऊक नसतं, म्हणून दोन ओळी. अँटिव्हायरसचं मूळ सॉफ्टवेअर रोज बदलत नाही. रोज बदलते ती ओळखीच्या व्हायरसांच्या खुणांची यादी. तिला डेफिनिशन म्हणतात. यादी जुनी असली की पहारेकरी जागा असतो, पण नव्या चोराला ओळखत नाही.

पुढे आमच्या सर्व्हरवर लिनक्स आलं आणि त्याच्याबरोबर क्लॅमएव्ही हा फुकट अँटिव्हायरस. पोलंडच्या टोमाश कोइम यांनी सुरू केलेला. २००७ मध्ये तो सोर्सफायर कंपनीने घेतला, २०१३ मध्ये सोर्सफायरच सिस्कोने घेतली, तरी तो आजही फुकटच आहे. लिनक्सला कशाला हवा अँटिव्हायरस, असं कोणी तरी लगेच विचारणार. लिनक्सला नकोच होता. पण त्याच सर्व्हरवर पोरं प्रॅक्टिकलच्या फाइली ठेवतात, त्या पेन ड्राइव्हवर घेऊन घरी जातात, आणि घरी विंडोज असतं.

क्लॅमएव्हीची यादी तेव्हा जगभरच्या स्वयंसेवी सर्व्हरवरून मिळायची. कुठलं विद्यापीठ, कुठली इंटरनेट कंपनी आपल्या सर्व्हरवर तिची प्रत ठेवायची. आपण सेटिंगमध्ये देशाची दोन अक्षरं लिहायची, म्हणजे त्यातल्या त्यात जवळचा सर्व्हर मिळे. मी ‘आयएन’ लिहिलं होतं. कधी यादी ताजी मिळायची, कधी ‘हा मिरर मागे आहे’ (म्हणजे त्या सर्व्हरवरची प्रत जुनी आहे) असा संदेश यायचा. यादी आणायला त्यांचा स्वतःचा फ्रेशक्लॅम नावाचा प्रोग्राम आहे. आमच्या प्रॉक्सीशी, म्हणजे सगळ्या मशीनांची बाहेरची मागणी ज्यातून जाते त्या मधल्या दाराशी, त्याचं जमेना. मग एका संध्याकाळी मी स्वतः पाच ओळींची स्क्रिप्ट लिहिली : डब्ल्यूगेट या फाइल उतरवायच्या साध्या साधनाने पूर्ण फाइल आणायची, जुनीवर टाकायची, दर तासाला, घड्याळात बरोबर शून्य मिनिटाला. चालली. मला फार भारी वाटलं. प्राचार्यांना बोलावून दाखवली होती.

२०१९ मध्ये लॅबची सगळी मशीनं उबंटूवर, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकारावर, नेली. एक मशीन नीट तयार केलं, त्याची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढली आणि ३९ मशीनांवर आणि ऑफिसच्या काहींवर तीच चढवली. स्क्रिप्टसकट. ४० मशीनं, प्रत्येकावर तेच घड्याळ, तेच शून्य मिनिट.

आता हिशेब मांडते, कारण तेव्हा मांडला नव्हता. क्लॅमएव्हीची मुख्य फाइल तेव्हा शंभर एमबीहून मोठी, शिवाय रोजची वेगळी. मिळून २२० एमबी धरा. ४० मशीनं म्हणजे ८,८०० एमबी. आमची लाइन १० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला सव्वा एमबी, तेही कागदावर. एक फेरी पुरी व्हायला जवळजवळ दोन तास, आणि दुसरी फेरी सुरू होणार तासाभराने. म्हणजे लॅब सकाळी उघडल्यापासून बंद होईपर्यंत लाइनवर फक्त माझी यादीच येत होती, आणि तीही पुरी येत नव्हती. २०२० च्या फेब्रुवारीत प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी एक साधं पान उघडेना. मी लाइनवाल्यांकडे तीनदा तक्रार केली. एकदा माणूस खांबावर चढूनही आला. बिचाऱ्याने जॉइंट बदलून दिला.

मग मार्च आला आणि महाविद्यालय बंद झालं. सर्व्हर आणि ऑफिसची मशीनं मात्र चालू, कारण प्रवेशाचं काम होतं. २०२१ च्या जूनमध्ये मी सहज यादीची तारीख बघितली. मार्चची. लॉगमध्ये तासातासाला एकच ओळ : ४०३, परवानगी नाही. तीन महिने आमच्या दारात पहारेकरी जुनी यादी घेऊन उभा होता आणि मी घरी बसून ऑनलाइन वर्गात ‘अँटिव्हायरस अपडेट ठेवा’ असं पोरांना सांगत होते.

शोधलं तेव्हा क्लॅमएव्हीवाल्यांचं निवेदन सापडलं, त्याच वर्षाच्या मार्चचं. स्वयंसेवी सर्व्हरांचा काळ मागे पडून त्यांचं वाटप तोवर क्लाउडफ्लेअरच्या सीडीएनवर गेलं होतं, म्हणजे कंटेंट डिलिव्हरी नेटवर्कवर. तक्रार अशी की, काही लोक फरकाची छोटी फाइल न घेता पूर्ण फाइल पुन्हापुन्हा उतरवतात, त्याचा भार सोसवत नाही. तेव्हा डब्ल्यूगेट, कर्लसारख्या साधनांनी येणाऱ्यांना यापुढे थांबवू, आणि एकाच पत्त्यावरून फार वेळा मागणी आली तर काही काळ बंदी घालू. वाचता वाचता कान तापले. ते माझ्याबद्दलच लिहिलेलं होतं.

आता एसटीचा भाग. संपादक महोदय, सीडीएन तुम्हाला समजावायची गरज नाही, तुम्ही ते रोज पहाटे चालवता. आमच्या भागात आपला अंक कोल्हापूरकडून एसटीने आंबा घाट उतरून येतो. साखरप्याला एक गठ्ठा उतरतो, देवरुखला एक. स्टँडवर एजंट गठ्ठा सोडतो, पोरं सायकलवर टाकतात आणि सातच्या आत अंक माझ्या पायरीवर. समजा हे नसतं आणि प्रत्येक वाचकाने रोज स्वतः घाट चढून छापखान्याच्या दारात जाऊन आपला अंक आणायचा असता, तर? घाटात गाड्यांची रांग, छापखान्याच्या दारात मारामारी, आणि अंक वाचायला वेळ कोणाला? माझी ४० मशीनं तेच करत होती. तेही दर तासाला, आणि दरवेळी चालू अंकाबरोबर घरी असलेले मागचे सगळे अंकही परत उचलून.

सीडीएन म्हणजे जगभर नेमलेले एजंट. मूळ ठिकाणाहून यादीची प्रत एकदा प्रत्येक गावच्या एजंटाकडे येते, मग त्या भागातल्या सगळ्यांना तिथूनच मिळते. क्लाउडफ्लेअरचे असे एजंट मुंबईत आहेत, नागपुरातही आहेत. मजा अशी की पत्ता सगळ्यांना एकच. तुम्ही तोच पत्ता विचारता आणि इंटरनेटची वाट तुम्हाला जो जवळचा पडेल त्याच्याकडे नेते. अर्थात ‘जवळचा’ हा गुगल मॅपवरचा जवळचा नव्हे. उत्तराबरोबर येणाऱ्या मजकुरात विमानतळाची तीन अक्षरं असतात, त्यावरून कोणी दिलं ते कळतं. मी नाद लागल्यासारखी बघत असे. बरेचदा ‘बीओएम’ म्हणजे मुंबई. एका रविवारी ‘एसआयएन’ आलं. सिंगापूर! आमची यादी देवरुखला सिंगापूरहून आली. लाइन देणाऱ्या कंपन्यांचे आपसातले रस्ते कसे जुळलेत त्यावर ते ठरतं.

एजंटाच्या धंद्यातली दुखणी इथेही आहेतच. सगळ्यांत मोठं म्हणजे कालचा अंक आजचा म्हणून मिळणं. रोजच्या फाइलचं नाव रोज तेच, आतला मजकूर मात्र नवा. एजंटाने कालची प्रत तशीच ठेवली असेल तर तो ती खुशाल देतो. यावर त्यांनी काढलेली युक्ती मला फार आवडली. ताज्या यादीचा नुसता क्रमांक डीएनएसच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या वहीतल्या, एका छोट्या नोंदीत ठेवलेला असतो. आपला प्रोग्राम आधी ती नोंद विचारतो, काही अक्षरांचंच काम. क्रमांक आपल्याकडच्याएवढाच असेल तर पुढे काही मागतच नाही. पुढचा असेल तर फक्त फरकाची फाइल मागतो, आणि तिच्या नावातच तिचा क्रमांक असतो. अंकावर तारीख छापलेली असली की शिळा अंक ताजा म्हणून खपत नाही, तसंच. माझी पाच ओळींची स्क्रिप्ट यातलं काहीच विचारत नव्हती. नुसती ‘द्या, द्या’ म्हणत होती.

दुसरं दुखणं विश्वासाचं. एजंट परका. त्याने किंवा वाटेत कोणी गठ्ठ्यात भलतंच पान सरकवलं तर? म्हणून यादीवर डिजिटल सही असते, आणि ती तपासल्याशिवाय प्रोग्रामने यादी स्वीकारायची नसते. हे नुसतं पुस्तकी नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये अॅव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीच्या संशोधकांनी जाहीर केलं की मुंबईच्या ई-स्कॅन या अँटिव्हायरसचे अपडेट वाटेत बदलून हल्लेखोर आपलाच माल संगणकात घुसवत होते. कंपनीने तोवर ती फट बुजवली होती. तरी पहारेकऱ्याच्या जेवणाच्या डब्यातूनच चोर आत, हे वाचून दोन दिवस मला डबा गोड लागला नव्हता.

आणि तिसरं, ज्यासाठी एजंट नेमले तेच : वेग. १९ जुलै २०२४ ची सकाळ आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या संगणक सुरक्षा कंपनीने आपल्या वेळेप्रमाणे ९ वाजून ३९ मिनिटांनी एक सदोष फाइल सोडली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली. मधली मिनिटं ७८. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने तेवढ्यात ८५ लाख विंडोज मशीनं निळ्या पडद्यावर आली. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले, फोटो आपणही छापला असेल. त्याआधी २१ एप्रिल २०१० ला मॅकअॅफी या अँटिव्हायरसच्या यादीत विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक अत्यावश्यक फाइल व्हायरस म्हणून आली होती. तेव्हा आमच्याकडे सगळीकडे एक्सपीच होतं. कंपनी दुसरी होती म्हणून वाचलो, नाही तर हुशारी कसलीच नव्हती. तुमच्या अंकात चूक छापली गेली तर दुसऱ्या दिवशी खुलासा येतो आणि वाचक मधल्या काळात मरत नाही. इथे चुकीचा अंक वाचला की मशीन आडवं होतं, आणि आडवं झालेलं मशीन खुलासा वाचत नाही. प्रत्येकापाशी माणसाने जावं लागतं.

या तिन्ही दुखण्यांवर आम्ही काय केलं ते सांगते. खर्च शून्य.

स्क्रिप्ट पुसली. फ्रेशक्लॅम आणि प्रॉक्सीचं भांडण खरं तर सेटिंगमधल्या दोन ओळींचं होतं, ते मिटवलं. आता बाहेरून यादी आणतं एकटं सर्व्हर मशीन. तेही बहुतेक वेळा फरकाचीच फाइल आणतं, जी २२० एमबीच्या मानाने अगदी किरकोळ. ४० मशीनं बाहेर जातच नाहीत, ती सर्व्हरकडून घेतात. ‘प्रायव्हेट मिरर’ अशी सोयच त्यांनी दिलेली आहे, माहितीपुस्तकात लिहिलेली आहे, मी वाचली नव्हती एवढंच. म्हणजे गठ्ठा देवरुखला एकदा उतरतो आणि पुढचं वाटप गावातल्या गावात. आणि वेळ : मिनिटाचा आकडा ३ ते ५७ मधला कुठलाही घ्या पण १० च्या पाढ्यातला नको, तिथे आधीच गर्दी आहे, असंही त्यात स्पष्ट लिहिलंय. मी २३ घेतला. जगभरचे माझ्यासारखे हुशार शून्यावर आणि तिसावर बसलेले असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाहेर एकाच पत्त्यावरून जाणाऱ्या संस्थांना हे जास्तच लागू आहे. आमची सगळी मशीनं जगाला एकच पत्ता म्हणून दिसतात. मोजदाद पत्त्यावर होते. एका मशीनने आगाऊपणा केला तरी बंदी चाळिसांवर येते.

एक गोष्ट मात्र मी माझ्या मनाने वाढवली. सर्व्हरवर यादी आली की ती आधी १७ नंबरच्या मशीनला मिळते. ते खिडकीपाशी आहे, कीबोर्डचा ‘एन’ दाबला जात नाही, म्हणून तिथे कोणी बसत नाही. अर्ध्या तासाने ते धड असेल तरच बाकीच्यांना यादी मोकळी होते. अर्धा तास उशीर म्हणजे धोका नाही का, असं आमच्या एका सरांनी विचारलं. आहे. पण अर्ध्या तासात आमच्या लॅबवर नवा व्हायरस येण्यापेक्षा परीक्षेच्या सकाळी चाळीसही मशीनं एकदम आडवी होण्याची मला जास्त भीती वाटते. बँकेत किंवा दवाखान्यात हिशेब वेगळा निघेल, तो त्यांनी मांडावा. मुद्दा एवढाच की गठ्ठा आपल्या हातात एकदा उतरला तरच ‘आधी एक उघडून बघू’ म्हणता येतं. चाळीस मशीनं चाळीस वाटांनी बाहेर गेली की ते शक्यच नाही.

आता तक्रार, आणि ती आमच्याच खरेदी समितीवर आहे. ऑफिसच्या विंडोज मशीनांसाठी दरवर्षी विकतचा अँटिव्हायरस येतो. तीन कोटेशनं, सर्वांत कमी दर, मंजुरी. कमी दरात येतो तो घरगुती पॅक. बॉक्सवर फोटो असतो एका सुखी कुटुंबाचा, ते बसतं आमच्या अकाउंट्समध्ये. घरगुती पॅकमधलं प्रत्येक मशीन आपापलं बाहेर जातं. संस्थांसाठीच्या आवृत्तीत एका मशीनवर अपडेट आणून बाकीच्यांना वाटायची सोय असते, पण तिचा दर थोडा जास्त, म्हणून ती तुलनेच्या तक्त्यात तिसरी येते आणि पडते. तक्त्यात लाइनचं बिल नसतं, परीक्षेच्या दिवशीचा खोळंबा नसतो, माझा रविवार तर नसतोच. मी दोन वर्षं टिपण देते आहे की मागणीपत्रातच एक ओळ घाला : ‘अपडेट संस्थेतील एकाच संगणकावर उतरवून स्थानिक जाळ्यातून वाटण्याची सोय असावी.’ पहिल्या वर्षी टिपण फाइलला लागलं. दुसऱ्या वर्षी शेरा आला : ‘तांत्रिक बाब, पुरवठादाराशी बोलावे.’ पुरवठादार म्हणाला, मॅडम, नेट फास्ट घ्या ना.

आमच्याच महाविद्यालयाचं हे असेल असं मला वाटत नाही. शाळा, ग्रामपंचायती, पतसंस्था, जिथे जिथे दहा-वीस मशीनं एका लाइनवर आहेत तिथे हेच चाललेलं असणार. त्यांना नुसतं ‘अपडेट ठेवा’ सांगितलं की ते माझ्यासारखीच पाच ओळींची स्क्रिप्ट लिहितील, किंवा लाइनवाल्याला खांबावर चढवतील. फुकट मिळणारी यादी वाटायलाही कोणाचं तरी बिल येत असतं, हे त्या निवेदनाच्या आधी माझ्या मनातही आलं नव्हतं.

म्हणून विनंती एवढीच, की पुढची चौकट छापाल तेव्हा त्यात घरासाठी एक वाक्य आणि संस्थांसाठी वेगळं वाक्य ठेवा : एका मशीनवर आणा, एकावर तपासा, मग वाटा. जागा कमी असेल तर ‘पासवर्ड म्हणून जन्मतारीख ठेवू नका’ हे काढा, ते लोकांना आता पाठ झालंय. तरी ठेवतात, ती गोष्ट वेगळी.

आणि आपल्या कार्यालयातली मशीनं अपडेट कुठून आणतात, तेही एकदा आपल्या सिस्टीमवाल्यांना विचारून घ्या. रात्री अंक लावायच्या वेळी नेट अडकत असेल, तर लाइनवाल्याला बोलवायच्या आधी मशीनांच्या घड्याळातलं शून्य मिनिट बघा.

आपली वाचक,
एक संगणक प्रयोगशाळा सहाय्यक
देवरुख, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी

(नाव छापू नये. तिसरं टिपण अजून प्राचार्यांच्या टेबलावर आहे.)